आतबाहेरवहिनींचा मंगळवार

जिन्यावर बातमी अशी होती, की तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींकडे दर मंगळवारी अकराच्या ठोक्याला नळवाला येतो, तासभर आत बसतो, पिशवी उचलून खाली उतरतो, आणि वहिनींचा नळ आपला गळतोय तो गळतोच आहे. बातमीची मालकी तळमजल्यावरच्या शिवणवाल्या काकूंची. त्यांचं मशीन खिडकीशी, खिडकी जिन्याशी, त्यामुळे कोण चढलं आणि कोण उतरलं याची नोंद टाक्याबरोबर आपोआप पडत जायची. त्यात वहिनींचा नवरा दूर कुठल्याशा धरणाच्या कामावर, दोन महिन्यांतून एकदा उगवणारा. एवढा मालमसाला आयता मिळाल्यावर जिना गप्प कसा बसेल? कुणी म्हणालं, त्या पिशवीत पान्हे नसतातच. कुणी म्हणालं, न्हाणीघरात गोणपाटाखाली काहीतरी झाकून ठेवलंय, पांढरं, चांगलं माणसाएवढं.

यातलं खरं होतं ते एवढंच: नळवाला येत होता, नळ गळत होता आणि गोणपाटाखाली एक मोडीत निघालेला गीझर होता. बाकी सगळी काकूंची शिलाई. दार सताड उघडं असायचं. सासूबाई उंबऱ्याशी पाट टाकून शेंगा सोलत बसलेल्या असायच्या, आणि त्यांच्या देखत कुणी काही लपवून दाखवावं, त्याला जिन्यातर्फे बक्षीस द्यायला हरकत नव्हती. आत चालायचं ते असं. वहिनी खुर्चीत, मांडीवर कागद पालथा. त्या म्हणायच्या, "भाऊ, ही नळी टाकीच्या मागून घ्या." नळवाला नळी मागून घ्यायचा. वहिनी उठायच्या, डावीकडून बघायच्या, उजवीकडून बघायच्या, खाली वाकून बघायच्या, परत बसायच्या आणि कागदावर एक शब्द लिहायच्या. एकच. मग म्हणायच्या, "आता तीच नळी टाकीच्या मागे ठेवा, नुसती. कुठं न्यायची नाही." की नळवाला ती मागे ठेवायचा.

"दोन्ही एकच झालं की," सासूबाई शेंग मोडत म्हणायच्या.

"एक नाही हो, आई. एकात ती जातेय, एकात ती बसलीय."

"माझी आयुष्यभर जाणारी बसणारी माणसं बघून झाली. नळीनं काय मोठं दाखवलंय?"

वहिनींचा धंदा होता भाषांतराचा. स्पॅनिश बोलणाऱ्या मुलखांत बनणाऱ्या यंत्रांबरोबर जी माहितीपुस्तकं येतात, कुठला स्क्रू कुठं आणि कुठली वायर कशातून, ती इंग्रजीत करायची. गिरणीचे पंप, दवाखान्यातल्या खुर्च्या, पिठाच्या चक्क्या, आणि आता हे गीझर. रंगाच्या दुकानावरच्या माडीत कचेरी, चार टेबलं, त्यातलं खिडकीपासून लांबचं टेबल त्यांचं, अकरा वर्षं. हल्ली हल्ली घरून काम करायला मंगळवार मिळायचा.

आणि या अकरा वर्षांत वहिनींनी एका गोष्टीवर कधी विश्वास टाकला नाही: लहान शब्दांवर. मोठ्या शब्दाचं काही वाटत नाही, असं त्या म्हणायच्या. टाकी म्हणजे टाकी, झडप म्हणजे झडप. शब्दकोशात त्यांना कायमचा पत्ता असतो, जाऊन दार ठोठावलं की घरात सापडतात. लहान शब्द मात्र बिनपत्त्याचे. स्पॅनिशमधला 'एन' घ्या. टेबलावर असेल तरी एन, खणात असेल तरी एन. 'सोब्रे' टेकून बसलेला असतो, अधांतरी लटकलेला असतो, आणि कधी कधी कुणाविषयी तरी बोलत असतो. 'पोर' तर नावाप्रमाणेच घरभर हिंडणारा. याच्यामधून, त्याच्या कडेनं, हिच्यामुळे, तिच्यासाठी. दोन-तीन जण एकत्र आले की विचारूच नका. अशी टोळी एखाद्या वाक्यात दिसली की वहिनी पेन्सिल खाली ठेवायच्या आणि तिच्याकडे डोळे बारीक करून बघत राहायच्या, जसं काकू जिन्याकडे बघतात तसं.

हा संशय लहानपणचा. वहिनींच्या वडिलांकडे मागच्या खोलीत एक म्हातारा खलाशी भाड्यानं राहायचा. त्याची भाषा स्पॅनिश. बारा वर्षांच्या या पोरीला त्यानं पुस्तकानं शिकवलं नाही, बटणानं शिकवलं. खोलीत बटण लपवायचं, कुठं आहे ते आपल्या भाषेत सांगायचं, आणि शोधायला एकच संधी. चुकलात की उद्या. बटण टेबलावर होतं तेव्हा तो 'एन' म्हणाला होता. पोरीनं मनात पक्कं केलं, एन म्हणजे वर. मग त्यानं खोक्याच्या बाबतीत एन म्हटलं. तीन दिवस रोज एकदा ती खोक्याच्या वर हात फिरवून जात होती आणि म्हातारा हसत होता. बटण आत होतं. तेव्हापासून वहिनींचा नेम ठरला: वस्तू डोळ्यांनी बघितल्याशिवाय लहान शब्द लिहायचा नाही. लग्न झाल्यावर घरातल्या किटल्या, डबे, चपला त्या कामी लागल्या. कपाटाखाली चप्पल, कपाटाच्या बाजूला चप्पल, कपाटावर चप्पल. "आत... बाहेर... मागून..." असं पुटपुटत त्या घरभर फिरायच्या, म्हणून जिन्यानं नाव पाडलं आतबाहेरवहिनी. नाव त्यांच्या कानावर गेलं होतं. कुणी पाडलं असावं याच्या तीन संशयितांची यादीही त्यांच्याकडे तयार होती.

यंत्रं मोठी झाली तशी चपला पुरेनात. म्हणून नळवाला. दोन रस्ते पलीकडे राहणारा, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. तो गीझर त्यानंच कुठून तरी उचलून आणला होता. स्पॅनिश त्याला येत नव्हतं, इंग्रजीही नाही. कागद वहिनी त्याला दाखवत नसत. कचेरीचा नियमच होता, कागद परक्या माणसाच्या डोळ्यांपुढं न्यायचा नाही. म्हणून तर तो पालथा. त्या तोंडानं मराठीत सांगणार, तो हातानं करणार, त्या बघून इंग्रजी शब्द निवडणार. बदल्यात चहा, आणि वहिनींकडून त्याच्या मुलीला आठवड्यातून दोनदा इंग्रजीची शिकवणी. गळक्या नळाकडे मात्र दोघांचंही लक्ष नव्हतं. तो म्हणायचा, मी इथं कामाला थोडाच येतो.

सगळं सुरळीत चाललं होतं, तोच कचेरीत नवे साहेब आले.

साहेब चाळिशीचे, स्वच्छ दाढीचे, आणि त्यांच्याजवळ एक तक्ता होता. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. डावीकडे स्पॅनिशचे चाळीस लहान शब्द, उजवीकडे प्रत्येकासमोर इंग्रजीचा एकेक. जोड्या लावून दिलेल्या, एखाद्या सामुदायिक विवाहासारख्या. चारही टेबलांवर एकेक तक्ता आला.

"यापुढं सगळ्यांनी हाच वापरायचा," साहेब म्हणाले. "एका शब्दाला एक शब्द. वाचणाऱ्यालाही सोपं, आपल्यालाही."

वहिनींनी तक्ता उलटा करून बघितला, मागे काही आहे का ते. मागे नुसता पुठ्ठा होता. "साहेब, सोब्रेसमोर ऑन लिहिलंय."

"मग?"

"तो कधी कधी अधांतरी असतो."

"बाई," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाकीचे दिवसाला बारा पानं करतात. तुमची पाच होतात. ते अधांतरीचं जरा कमी करा."

वहिनींनी तक्ता खणात टाकला. पण त्या दिवसापासून त्यांच्या मनात किडा वळवळू लागला. हा माणूस आपल्याला घालवायला बघतोय. बाजूच्या टेबलावरच्या बाई हल्ली साहेबांसमोर तक्ता हातात धरूनच का उठतात? आपल्या खणाची कडी परवा अर्धवट का लागली होती? चहावाला आपल्याच टेबलापाशी येऊन का खोकतो? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं, त्याला खरंच खोकला होता. पण वहिनींनी त्यालाही यादीत घातलं.

आणि पुढच्या आठवड्यात संशयाला हाडं-मांस आलं. गीझरच्या पुस्तकाची छपाईआधीची तपासणीप्रत साहेबांच्या टेबलावर पडली होती. वहिनींनी सहज पान उघडलं. त्यांनी केलेलं पान, त्याच्याच खाली त्यांची सही; त्या कचेरीत प्रत्येक पानाच्या तळाशी करणाऱ्याची सही असते, काही बिघडलं तर कुणाला धरायचं ते कळावं म्हणून. सही त्यांची, टाकी त्यांची, झडप त्यांची, आणि लहान शब्द सगळे तक्त्यातले. जिथं त्यांनी पाइपाचं तोंड मोरीच्या जाळीपासून वर, मोकळं ठेवायला लिहिलं होतं, तिथं आता ते जाळीवर ठेवा असं सरळ छापलेलं.

"हे मी लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"सारखेपणा आणलाय फक्त," साहेब म्हणाले. "यावर छपाईआधीची शेवटची सही करून टाका, बुधवारी छापखान्यात जायचंय."

"नाही करणार."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "एक विचारू? घरी तुम्ही हे काम एकट्याच करता ना?"

वहिनींनी तपासणीप्रत मिटली. "का?"

"मला कळलंय की दर मंगळवारी एक परका माणूस तुमच्या घरी कागद घेऊन बसतो. ती पाच पानं तुम्ही करता की तो करतो, हेही मला बघायचंय. येत्या मंगळवारी मी स्वतः येतो. तसं काही निघालं तर तुमची जागा गेली. निघालं नाही, तर बुधवारी सही करा आणि तक्ता वापरा."

म्हणजे दोन्ही बाजूंनी फास. परका माणूस निघाला तर जागा गेली. नाही निघाला तर आपली सही दुसऱ्याच्या शब्दांखाली. उद्या कुणाच्या घरी तो गीझर तडकला तर लोक सही बघणार, तक्ता कोण बघणार? अकरा वर्षांत वहिनींच्या सहीखाली एक चप्पलसुद्धा चुकीच्या जागी गेली नव्हती.

पण त्याहून मोठा प्रश्न, जो त्यांना जेवू देईना: साहेबांना सांगितलं कुणी?

चार दिवस तपास चालला. पहिल्या संशयित अर्थात शिवणवाल्या काकू. वहिनी मुद्दाम ब्लाऊजचं माप द्यायला खाली गेल्या.

"काकू, आमच्या कचेरीतलं कुणी ओळखीचं आहे का हो तुमच्या?"

"छे गं. का? कुणी पाहायला येणार आहे का काही?"

"पाहायला कशाला येईल? माझं लग्न झालंय."

"ते आम्हाला माहीत आहे," काकू टेप गळ्यात टाकत म्हणाल्या, "आम्हाला वाटलं तुला आठवण राहिलीय की नाही."

वहिनी वर आल्या त्या काकूंच्या नावापुढं दोन फुल्या मारूनच. मग शेजारच्या टेबलावरच्या बाई. मग चहावाला. सोमवारी संध्याकाळी तर त्यांना खुद्द नळवाल्याचा संशय येऊ लागला. तो कमी बोलतो, म्हणजे नक्की कुठंतरी दुसरीकडे जास्त बोलत असणार. त्याला निरोप धाडून उद्या येऊ नका म्हणावं का, असं त्यांच्या मनात दहा वेळा आलं. पण न आला तर साहेब म्हणणार, बघा, लपवला. आणि आला तर आहेच. निरोप गेला नाही.

मंगळवारी साडेदहालाच साहेब हजर. बगलेत तपासणीप्रत, बरोबर तक्ता. सासूबाईंनी शेंगांची टोपली सरकवून त्यांना वाट दिली.

"नमस्कार, आजी," साहेब म्हणाले. "फोनवर आपणच बोललो ना त्या दिवशी?"

वहिनींनी मान वळवली. हळूच, पण पूर्ण.

"मीच बोलले," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही विचारलंत सूनबाई काम करतायत का. मी म्हटलं, करतेय हो, नळवाल्याला घेऊन बसलीय न्हाणीघरात, कागद मांडीवर, हलायला फुरसत नाही तिला. चांगलंच सांगितलं की नाही?"

"आई," वहिनी म्हणाल्या, "मी चार दिवस कुणाकुणाला काय काय समजले."

"मला विचारलंस का? विचारलं असतंस तर सांगितलं असतं. मी यादीत नव्हते वाटतं तुझ्या?"

यादीत नव्हत्या, हे खरं होतं, आणि वहिनींना त्याचीच जास्त लाज वाटली.

तेवढ्यात काकू वर आल्या, सुई-दोरा मागायला. दिवसभर शिलाई करणारी बाई तिसरा मजला चढून सुई मागते, याचं कुणालाच काही वाटलं नाही, कारण त्या आल्या आणि सरळ न्हाणीघराच्या दाराशी जागा धरून उभ्या राहिल्या. अकराला नळवाला आला. साहेबांना बघून त्यानं पिशवी नेहमीपेक्षा हळू ठेवली.

"तुम्ही भाषांतर करता?" साहेबांनी विचारलं.

"मी नळ करतो."

"हा कागद तुम्ही कधी बघितलाय?"

"पाठ बघितलीय. पोट वहिनी दाखवत नाहीत."

साहेबांनी त्याला पान पुढं करून वाचायला सांगितलं. त्यानं ते लांब धरलं, जवळ धरलं आणि परत दिलं. "चित्रं नाहीत यात," तो म्हणाला. एवढ्यावर साहेबांचा अर्धा संशय फिटला असावा, पण चेहऱ्यावर त्यांनी तो पुरा ठेवला.

"मग हा इथं करतो काय?"

वहिनींनी गोणपाट ओढलं. काकूंनी मान पुढं केली आणि गीझर दिसल्यावर निराश होऊन मागे घेतली. जुनी पांढरी टाकी स्टुलावर टेकवलेली, नळापासून तिच्यात पाण्याची नळी, आणि खालच्या झडपेला ढिली बसवलेली एक मऊ रबरी नळी, जिच्यातून जादा दाबाचं पाणी बाहेर पडावं. वहिनी म्हणाल्या, "मी सांगते, हे करतात, मी बघते. बघितल्यावर शब्द ठरतो. साहेब, तुमचं पान तुम्हीच वाचून सांगा. तुमच्या शब्दांनी काय होतं ते बघू या."

ही वहिनींची हुकमाची चाल होती. रात्रभर त्यांनी ती मनात घोळवली होती. साहेब चुकीचं सांगणार, नळवाला चुकीचं करणार, पाणी खरं काय ते बोलणार.

साहेबांनी पान उघडलं आणि मराठी करत वाचलं, "नळीचं तोंड मोरीच्या जाळीवर ठेवा."

नळवाला खाली बसला. नळी हातात घेतली. तोंड जाळीच्या सरळ वर आणलं, आणि चार बोटं अंतर राखून, सवयीनं, अधांतरी धरलं. वरून त्यानं एक तारही बांधली, हलू नये म्हणून. नळ सोडला. झडप उचलली. पाणी नळीतून जाळीत सरळ धारेनं पडलं, एक थेंब इकडंतिकडं नाही.

साहेबांनी पान मिटलं. "बघा. माझ्या शब्दांनी याचं काय अडलं? उगाच तुम्ही पाच पानांत दिवस घालवता."

वहिनी नळवाल्याकडे बघत होत्या, आणि ते बघणं काही चांगलं नव्हतं.

"भाऊ, साहेब काय म्हणाले ते ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"मग टेकवली का नाही?"

"टेकवत नसतात, वहिनी. तोंड मोकळं लागतं, नाहीतर दाब परत फिरतो."

"आणि मी आजवर जे सांगत होते," वहिनींचा आवाज बारीक झाला, "ते ऐकून करत होतात, की..."

नळवाल्यानं झडप बंद केली आणि हात पुसले. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, म्हणून तर तो कमी बोलायचा. "तुम्ही सुरुवात केली की मला कळायचं कुठं काय बसणार ते. वाक्य पुरं होईपर्यंत थांबायचो, तुमचा मान म्हणून."

वहिनी खुर्चीत बसल्या. सगळ्या जगावर संशय घेतला, खुद्द या माणसाच्या तोंडावर घेतला, पण त्याच्या हातांवर घ्यायचं राहून गेलं होतं. ज्याला काम येतं तो शब्द ऐकतच नाही. सात महिन्यांचे मंगळवार, आणि त्या सगळ्या पानांतले लहान शब्द खरे की याच्या हातांनी खरे केलेले, आता कोण सांगणार? त्यांनी पालथा कागद उलटा केला, मग परत पालथा केला.

"आटपलं म्हणायचं," साहेब घड्याळ बघत म्हणाले. "माणूस वाचत नाही, हे मला पटलं. उद्या सही करा आणि प्रश्न मिटवा."

"थांबा," वहिनी म्हणाल्या. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. नळवाला नको. काकू नकोत, सांगितलेलं करण्यापेक्षा त्या बघतच बसतील. मग नजर उंबऱ्यावर जाऊन थांबली. सासूबाईंनी आयुष्यात कधी नळी हातात धरली नव्हती. सुनेनं सांगितलं असतं तर त्यांनी मुद्दाम उलटं केलं असतं, हेही वहिनींना ठाऊक होतं. पण परक्या पुरुषमाणसानं, त्यातून साहेबानं सांगितलेलं त्या अक्षर न् अक्षर पाळणाऱ्यातल्या.

"आई, जरा इकडं येता? साहेब सांगतील तेवढंच करायचं. मी एक शब्द बोलणार नाही."

"तू बोलणार नाहीस? मग येते," म्हणत सासूबाईंनी पदर खोचला.

वहिनींनी तार सोडवून घेतली. सासूबाई मोरीशी उकिडव्या बसल्या, नळी दोन्ही हातांत, एखादं जनावर धरावं तशी. साहेब झडपेजवळ, पान हातात, वाचायला प्रकाश बरा म्हणून.

"आजी, नळीचं तोंड जाळीवर ठेवा."

"जाळीवर म्हणजे? नीट सांगा हो. टेकवून?"

साहेबांनी तक्त्याकडे नजर टाकली. "टेकवून. ऑन म्हणजे टेकवूनच."

"दाबून?"

"हलता कामा नये, एवढं बघा."

सासूबाईंनी नळी जाळीवर टेकवली आणि हलू नये म्हणून तिच्यावर तळहाताचा सगळा भार दिला. साहेबांनी सांगितलं होतं ना. मऊ नळी मधोमध मुरगळली. नळवाल्याच्या ते लक्षात आलं, त्याचा हात पुढं झाला. वहिनींनी नुसत्या नजरेनं तो मागे घ्यायला लावला.

"सोडू का नळ?" नळवाल्यानं साहेबांना विचारलं.

"सोडा की," साहेब म्हणाले.

नळ सुटला, झडप उचलली. पाण्याला खाली वाट मिळेना. नळी एकदा फुगली, एकदा थरथरली, आणि खालच्या तोंडाशी सासूबाई असल्यामुळे वरच्या तोंडानं झडपेवरून फटकन निसटली. साहेब बरोबर समोर होते. छातीपासून गुडघ्यापर्यंत एकही जागा कोरडी राहिली नाही. तक्ता पुठ्ठ्यावरून सुटून मोरीत गेला आणि जाळीवर जाऊन पडला, व्यवस्थित टेकून.

"मी सोडली नाही हां," सासूबाई नळी तशीच दाबून धरत म्हणाल्या. "माझं टोक अजून तिथंच आहे. बघून घ्या."

काकू सुई-दोरा विसरून खाली पळाल्या. इतकी मोठी बातमी पोटात घेऊन बाई तीन जिने कशी उतरली असेल तिचं तिलाच माहीत.

साहेबांना पंचा मिळाला, धरणावरच्या नवऱ्याचा सदरा मिळाला, आणि चहा मिळाला. सदरा त्यांना दोन इंच मोठा होता. मग त्यांनी ओली तपासणीप्रत उघडली, पेन मागितलं, आणि जाळीचं वाक्य खोडून वहिनींचं परत लिहिलं. पुढचं पान उलटलं. तिथं थांबले.

"यात असे आणखी किती असतील?"

"मला विचारू नका," वहिनी म्हणाल्या. "मलाही आता खात्री नाही. माझे सात महिन्यांचे सगळे शब्द मला परत बघायचे आहेत. आई, तुम्हाला वेळ आहे का?"

"साहेब सांगणार असतील तर आहे," सासूबाई म्हणाल्या.

मग त्या तिघांनी आणि नळवाल्यानं गीझरचं पुस्तक पहिल्या पानापासून काढलं. साहेब वहिनींचं वाक्य वाचून सांगत, सासूबाई करत, वहिनी बघत. नळवाल्याला हात लावायची मनाई होती. तो खिडकीशी उभा राहून दर चुकीला जीभ चावत होता. दोन वाजेपर्यंत वहिनींचे स्वतःचेच तीन शब्द चुकीचे निघाले. ते त्यांनी तिथल्या तिथं बदलले. साहेबांनी लगेच प्रत सहीला पुढं केली, तर वहिनी म्हणाल्या, ओल्या कागदावर मी सही करत नाही, आणि पंख्याखाली पानं वाळेपर्यंत सगळी पुन्हा एकदा वाचून काढली. मग केली. प्रत्येक पानाच्या तळाशी, एकेक.

जागा राहिली. बुधवार गुरुवारवर गेला. तरी साहेब शेवटी साहेबच, मोठा सदरा घालून दारात उभे राहिले आणि बाहीची घडी घालत म्हणाले, "ते सगळं ठीक आहे, बाई. पण नियम तो नियम. परका माणूस कामात चालणार नाही. या नळवाल्याचं मंगळवारचं येणं बंद करा."

वहिनींनी एकदा नळवाल्याकडे बघितलं, एकदा साहेबांकडे, आणि म्हणाल्या, "करते बंद. त्यांना काम येतं, म्हणून त्यांचा मला उपयोग नाही. पुढच्या मंगळवारपासून तुम्हीच येत जा."